माउसची संवेदनक्षमता व प्रतिसाद-विलंब

संगणकीय खेळात हाताची हालचाल आणि तिचा पडद्यावरील परिणाम यांमध्ये जाणाऱ्या कालावधीस प्रतिसाद-विलंब म्हणतात. माउसची संवेदनक्षमता वाढविल्याने हा विलंब घटतो काय, हा प्रश्न स्पर्धात्मक खेळांच्या प्रसाराबरोबर महत्त्वाचा ठरला.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस तयार केला. लाकडी पेटीच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके हालचालीचे मापन करीत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले व १९७० मध्ये त्यास एकस्व मिळाले. पुढे चाकांची जागा गोलकाने घेतली. १९९९ पासून सर्वसाधारण पृष्ठभागावर चालणारे प्रकाशीय माउस प्रचारात आले. त्यांतील संवेदक पृष्ठभागाच्या लागोपाठ घेतलेल्या प्रतिमांची तुलना करून विस्थापन ठरवितो. दरम्यान ‘क्वेक’ (१९९६) यांसारख्या खेळांत माउसने नेम धरण्याची पद्धत रुळली आणि काही मिलिसेकंदांचा फरकही जयपराजयाच्या दृष्टीने विचारात घेतला जाऊ लागला.

संवेदनक्षमता दोन ठिकाणी ठरते. संवेदक दर इंचास किती मोजण्या पाठवितो, हे पहिले. प्रत्येक मोजणीस खेळातील दृष्टी किती वळावी, हे दुसरे. दुसरा केवळ गुणक असल्याने त्याचा विलंबावर परिणाम होत नाही. पहिल्याचा होतो, पण तो मर्यादित असतो. माउस सेकंदास १ इंच अशा संथ गतीने सरकविल्यास इंचास ४०० मोजण्या असताना पहिली मोजणी फार तर २.५ मिलिसेकंदांनी, तर १,६०० असताना ०.६२५ मिलिसेकंदांनी निघते. गती वाढताच हा फरक त्याच प्रमाणात आकसतो. शिवाय तो हालचालीच्या आरंभीच जाणवतो. काही संवेदक उच्च संवेदनक्षमतेस आढळणारी थरथर दडपण्यासाठी अनेक प्रतिमांची सरासरी काढतात. तेथे विलंब उलट वाढतो.

माउसकडून संगणकास माहिती मिळण्याची वारंवारता याहून अधिक निर्णायक होय. यूएसबी जोडणीत पूर्वी रूढ असलेल्या सेकंदास १२५ वेळा या दराने सरासरी ४ मिलिसेकंद प्रतीक्षा घडते. १,००० वेळा या दराने ती ०.५ मिलिसेकंदावर येते. पडदा सेकंदास ६० वेळा नवा होत असल्यास दोन चित्रांतील अंतरच सु. १६.७ मिलिसेकंद असते. म्हणून संवेदनक्षमता ही मुख्यतः नेमाची अचूकता व हाताची सवय यांच्याशी निगडित बाब आहे. विलंबाची प्रमुख कारणे जोडणी, पडदा आणि खेळाची आज्ञावली यांतच आढळतात.