विमान प्रवासाचे ‘माइल्स’ देणारे क्रेडिट कार्ड निवडताना

विमानतळावरच्या स्टॉलवर, मॉलच्या दारात किंवा दूरध्वनीवरून येणारा प्रस्ताव साधारण एकसारखा असतो. हे कार्ड घ्या, नेहमीचाच खर्च त्यावर करा आणि विमानाचे तिकीट ‘मोफत’ मिळवा. किराणा, कपडे, औषधे यांवरचा खर्च तर व्हायचाच आहे. मग त्यातून वर्षाकाठी एखादा प्रवास पदरात पडला तर काय वाईट, असा विचार मध्यमवर्गीय कुटुंबात होणे स्वाभाविक आहे. मात्र हे तिकीट खरोखर किती रुपयांना पडते, याचा हिशेब फारच थोडे कार्डधारक करतात. हा हिशेब अवघड नाही. त्यासाठी लागते ती केवळ कागद, पेन्सिल आणि अर्ध्या तासाची सवड.

योजनेचा उगम

नियमित प्रवाशाला बक्षीस देण्याच्या कल्पनेला आजचे स्वरूप आले ते अमेरिकेत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली. जितके मैल उडावे तितके ‘माइल्स’ खात्यात जमा व्हावेत आणि पुरेसे साठल्यावर त्यांच्या मोबदल्यात तिकीट मिळावे, असे तिचे साधे स्वरूप होते. पुढे बँका यात उतरल्या. ग्राहकाने कार्डावर खर्च केला की दुकानदाराकडून बँकेला शुल्काचा वाटा मिळतो. त्यातला काही भाग खर्चून बँक विमान कंपनीकडून माइल्स घेते आणि ते ग्राहकाला देते. बँकेला ग्राहक मिळतो, विमान कंपनीला उत्पन्न मिळते आणि ग्राहकाला पॉइंट. तिघांपैकी पहिल्या दोघांचा लाभ निश्चित असतो. तिसऱ्याचा लाभ त्याच्या सावधपणावर अवलंबून राहतो.

आता अनेक विमान कंपन्यांनी अंतराऐवजी तिकिटावर खर्च झालेल्या रकमेवर पॉइंट देण्यास सुरुवात केली आहे. त्यामुळे ‘माइल’ या शब्दाचा मैलाशी संबंध पुष्कळदा नावापुरताच उरला आहे.

कार्डांचे तीन प्रकार

पहिला प्रकार को-ब्रँडेड कार्डांचा. बँक आणि एक विशिष्ट विमान कंपनी यांनी मिळून काढलेल्या या कार्डावरचे पॉइंट थेट त्या कंपनीच्या खात्यात जातात. त्या कंपनीची तिकिटे काढल्यास पॉइंट अधिक मिळतात आणि काही कार्डांवर दरवर्षी एखादे तिकीट किंवा वरच्या वर्गात बसण्याची सवलतही मिळते.

दुसऱ्या प्रकारात पॉइंट बँकेच्याच खात्यात साठतात. ग्राहकाला ते हवे तेव्हा, यादीतल्या कोणत्याही विमान कंपनीच्या योजनेत वळवता येतात. येथे पाहायचे ते वळवण्याचे प्रमाण. बँकेचे दोन पॉइंट देऊन विमान कंपनीचा एकच मिळत असेल, तर जाहिरातीतील आकडा प्रत्यक्षात निम्मा होतो. शिवाय एकदा वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत.

तिसऱ्या प्रकारात पॉइंटांची विशिष्ट रुपयांत किंमत ठरलेली असते आणि बँकेच्या संकेतस्थळावरून कोणत्याही कंपनीचे तिकीट काढताना ती वजा होते. यात मोठा लाभ क्वचितच होतो, पण फसगतही कमी होते.

एका पॉइंटची किंमत किती?

निवडीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पॉइंट हजारोंनी मिळतात म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. त्याची रुपयांत किंमत काढावी लागते. त्यासाठी ज्या मार्गावर प्रवास करायचा आहे त्याचे रोख भाडे पाहावे. त्याच विमानासाठी पॉइंट वापरल्यास द्यावा लागणारा कर आणि शुल्क त्यातून वजा करावे. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे.

समजा, मुंबई ते बेंगळुरू तिकीट रोखीने ६,२०० रुपयांना आहे. पॉइंट वापरल्यास ९,००० पॉइंट आणि १,१०० रुपये कर द्यावा लागतो. म्हणजे ९,००० पॉइंटांनी ५,१०० रुपये वाचवले. एका पॉइंटची किंमत झाली सुमारे ५७ पैसे. कार्डावर दर १०० रुपयांना दीड पॉइंट मिळत असेल, तर १०० रुपयांमागचा खरा लाभ ८५ पैसे इतकाच होतो. चौघांच्या कुटुंबाला याच दराने एका बाजूचा प्रवास करायचा, तर ३६,००० पॉइंट लागतील. ते जमवण्यासाठी कार्डावर २४ लाख रुपये खर्च व्हायला हवेत!

हा हिशेब एकाच तिकिटावर न करता आपण खरोखर करतो त्या दोन-तीन प्रवासांवर करावा. दिवाळीत किंवा मे महिन्यात रोख भाडे चढते, तेव्हा पॉइंटची किंमत वाढलेली दिसते; परंतु नेमक्या त्याच दिवसांत पॉइंटवर मिळणाऱ्या जागा कमी असतात किंवा त्यांचे पॉइंटही वाढवलेले असतात. लांबच्या प्रवासात, विशेषतः बिझनेस क्लासमध्ये, पॉइंटला सर्वाधिक किंमत मिळते. पण जो प्रवासी एरवी त्या वर्गाचे तिकीट कधीच काढणार नाही, त्याने लाखाच्या तिकिटाची ‘बचत’ झाली असे मानणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे आहे.

वार्षिक शुल्काचा हिशेब

ठाण्यातील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. कार्डावरचा खर्च महिन्याला ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये. विमान कंपनीच्या कार्डाचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ३,५४० रुपये. वरच्याच दराने वर्षात ७,२०० पॉइंट मिळतील व त्यांची किंमत ४,०८० रुपये होईल. शुल्क वजा जाता हाती राहतात ५४० रुपये. याउलट, एक टक्का रक्कम परत देणारे बिनशुल्काचे साधे कार्ड वापरले असते, तर ४,८०० रुपये मिळाले असते.

आता समजा, या खर्चातील ८० हजार रुपये त्याच कंपनीच्या तिकिटांवर होतात आणि त्यावर १०० रुपयांना पाच पॉइंट आहेत. मग वर्षाचे १०,००० पॉइंट होतात. किंमत सुमारे ५,६६७ रुपये. शुल्क वजा जाता २,१२७ रुपये. तरीही साधे कार्ड पुढेच. मात्र शुल्क भरल्यावर दरवर्षी एक तिकीट मिळत असेल आणि कर भरून त्यातून ५,१०० रुपये खरोखर वाचत असतील, तर एकूण लाभ ७,२२७ रुपयांवर जातो आणि विमान कंपनीचे कार्ड २,४२७ रुपयांनी सरस ठरते. तात्पर्य, असे कार्ड परवडते ते त्या कंपनीने वारंवार जाणाऱ्याला आणि मिळालेले तिकीट मुदतीत वापरणाऱ्याला.

येथे एक गल्लत टाळायला हवी. विमान कंपनीच्या योजनेचे सभासदत्व बहुधा मोफत असते. प्रवास केल्याबद्दल मिळणारे पॉइंट सभासदाला कोणत्याही कार्डाने तिकीट काढले तरी मिळतात. ते कार्डाचा लाभ म्हणून मोजू नयेत.

कोणत्या खर्चावर पॉइंट नाहीत?

इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि सरकारी भरणा यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत. विमा हप्ता, वीजबिल, शाळेची फी यांवर काही बँका कमी दराने देतात, काही महिन्याची कमाल मर्यादा घालतात. मासिक खर्चाची यादी करून त्यातला किती खर्च या नियमात बसतो ते पाहिले, तर ४० हजारांचे २५ हजार कधी होतात ते कळतही नाही.

परदेशी चलनातील खर्चावर बँक साधारणपणे दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर कर आकारते. परदेशात शिकणाऱ्या मुलांसाठी किंवा सहलीत कार्ड वापरणाऱ्यांनी दुप्पट पॉइंटांच्या जाहिरातीआधी हा आकडा पाहावा. विमानतळावरील लाउंजची सवलतही आता सरसकट राहिलेली नाही. अनेक बँकांनी ती आधीच्या तिमाहीतील खर्चाशी जोडली आहे.

विमान कंपनीच बंद पडली तर?

पॉइंट ही बँकेतील ठेव नव्हे. हा धडा भारतीय प्रवाशांनी पुन्हा पुन्हा घेतला आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. जेटची ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे सभासदांचे माइल्स टिकले आणि योजनेचे नाव त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ झाले. परंतु ज्या विमानांसाठी ते साठवले होते, ती विमानेच राहिली नाहीत.

विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. ‘क्लब विस्तारा’चे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत एकास एक या प्रमाणात वर्ग झाले, म्हणजे सभासदांची शिल्लक बुडाली नाही. तथापि, विस्ताराच्या नावाने काढलेल्या कार्डांचे प्रयोजनच संपले.

कंपनी चालू असतानाही एका तिकिटाला लागणारे पॉइंट ती वाढवू शकते. पॉइंटवर व्याज मिळत नाही, त्यांना मुदत असते आणि त्यांची किंमत सहसा घटतच जाते. त्यामुळे पाच वर्षे साठवून मोठी सहल करण्याचा बेत धोक्याचा. वर्ष-दीड वर्षात ते वापरणे शहाणपणाचे. बँकेचे पॉइंट वळवण्यापूर्वी हव्या त्या तारखेला जागा आहे का, हेही आधी पाहावे.

आपला मार्ग, आपली कंपनी

पुण्याहून किंवा नागपूरहून निघणाऱ्याने आपल्या शहरातून कोणती कंपनी किती उड्डाणे करते हे प्रथम पाहावे. देशांतर्गत वाहतुकीत सर्वांत मोठा वाटा असलेल्या इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ ही योजना आणली. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या विमान कंपन्यांच्या समूहात आहे. त्यामुळे तिचे पॉइंट लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड यांसारख्या भागीदार कंपन्यांच्या प्रवासासाठीही वापरता येतात. मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेल्या कुटुंबांना हा मुद्दा उपयोगी आहे. वर्षात एकदाच, मिळेल त्या स्वस्त विमानाने जाणाऱ्याला मात्र एका कंपनीशी बांधून घेण्यात काही हशील नाही.

थकबाकी ठेवणाऱ्यांनी दूर राहावे

या साऱ्या हिशेबाची एक अट आहे. प्रत्येक बिल मुदतीत व पूर्ण भरले पाहिजे. ‘किमान देय रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. समजा, ५० हजार रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज १,७५० रुपये, त्यावर कर ३१५ रुपये. एका महिन्याचा भुर्दंड २,०६५ रुपये. दोन टक्के लाभ देणारे चांगले कार्ड धरले, तरी त्या ५० हजारांवर मिळालेल्या पॉइंटांची किंमत होते १,००० रुपये. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये अशा व्याजाला वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ग्राहकाचे संरक्षण अखेर त्याच्याच हाती आहे.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ बिल थकल्यासच विलंब शुल्क लावता येते. शुल्कातील बदलाची सूचना किमान एक महिना आधी द्यावी लागते. बाकी पूर्ण फेडलेली असताना कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण न केल्यास बँकेला विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. कार्ड बंद करण्यापूर्वी शिल्लक पॉइंट वापरून टाकणे अर्थातच हिताचे.

अर्जावर सही करण्यापूर्वी

- गेल्या सहा महिन्यांच्या खर्चातील किती खर्चाला पॉइंट मिळतील?
- नेहमीच्या मार्गावर एका पॉइंटची किंमत किती पैसे होते?
- करासह वार्षिक शुल्क वजा जाता, बिनशुल्काच्या कार्डापेक्षा लाभ अधिक आहे का?
- मोफत तिकिटाची मुदत किती व कोणत्या तारखांना ते चालत नाही?
- पॉइंट किती काळ टिकतात आणि वळवण्याचे प्रमाण काय?
- गेल्या वर्षभरात प्रत्येक बिल पूर्ण भरले गेले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधीचे पाच प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. ते ‘हो’ असेल आणि बाकीचे आकडेही जुळत असतील, तर असे कार्ड जरूर घ्यावे. दरवर्षी शुल्काचे बिल आले की हाच हिशेब पुन्हा मांडावा. गेल्या वर्षी लाभाचे ठरलेले कार्ड यंदाही तसेच असेल, याची हमी कोणतीही बँक देत नाही.