कॅमेरा नसलेला विद्यार्थी

विद्यार्थ्यांना एखाद्या गाण्यावर चार-पाच मिनिटांची चित्रफीत करावयास सांगितली, की बहुतेकांचा शोध इतरांच्या चित्रफितींपासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीचेही तसेच झाले. तिच्याजवळ गाणे होते: तिच्या दिवंगत आजीने जात्यावर म्हटलेल्या आणि कधीकाळी कॅसेटवर उतरवून ठेवलेल्या ओव्या. 'कल्पना' तेवढी सुचत नव्हती. पंधरा दिवस ती इतरांचे व्हिडिओ पाहत राहिली आणि दिवसेंदिवस अधिकच हताश होत गेली. तिच्या निमित्ताने मला नॉर्मन मॅकलॅरनच्या विद्यार्थिदशेची आठवण झाली.

मॅकलॅरनचा जन्म १९१४ साली स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे झाला. रेडिओवरचे संगीत ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे आकार हलू लागतात, हा त्याचा किशोरवयापासूनचा अनुभव होता. १९३०च्या दशकाच्या आरंभी तो ग्लासगोच्या कलाशाळेत शिकू लागला, तेव्हा हे आकार पडद्यावर आणावेत अशी ओढ त्याला लागली. कॅमेरा मात्र त्याच्यापाशी नव्हता. मग त्याने चित्रपटगृहात वापरून झालेली एक जुनी फिल्म मिळवली, तिच्यावरचा रसायनलेप काढून टाकला आणि त्या पारदर्शक फितीवर रंगीत शाईने थेट चित्रे काढली.

त्याने इतरांचे काही पाहिलेच नाही, असे मात्र नव्हे. ऑस्कर फिशिंगर या जर्मन कलावंताचा, ब्राम्सच्या एका हंगेरियन नृत्यसंगीतावर बेतलेला लघुपट त्याने याच काळात पाहिला. त्यात कथा नाही, माणसे नाहीत. काळ्या पटावर पांढरे आकार संगीताबरोबर धावतात, वळतात, विरतात. पुढे लेन लाय या मूळच्या न्यूझीलंडच्या कलावंताने १९३५ साली ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी 'अ कलर बॉक्स' केला. क्यूबन नृत्यसंगीतावरचा हा लघुपटही कॅमेऱ्याविना, फितीवर थेट रंगवलेला होता. खात्याचा पैसा असल्यामुळे शेवटी त्यात पार्सलचे दरही आले! १९३६ साली जॉन ग्रिअरसनने मॅकलॅरनला याच विभागात घेतले. फिशिंगर आणि लाय यांच्याकडून मॅकलॅरनला मिळाला तो मुख्यतः एक दिलासा: आपल्याला दिसते ते इतरांनाही दिसते आणि ते दाखवता येते. आकार मात्र त्याला स्वतःच्या कानांनीच शोधावे लागले.

ते त्याने कसे शोधले, हे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी एव्हलिन लॅम्बार्टसह केलेल्या 'बिगॉन डल केअर' (१९४९) या लघुपटात दिसते. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनबरोबर मॅकलॅरनने आधी काही दिवस काम केले. पीटरसन वाजवी, मॅकलॅरन सुचवी. पुन्हा वाजवणे होई. संगीत ध्वनिमुद्रित झाल्यावर त्याचे मोजमाप झाले. एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे जेमतेम आठ मिनिटांच्या संगीतासाठी सुमारे अकरा हजार. कोणता सूर कोणत्या चौकटीवर पडतो हे ठरल्यावर रंगकाम सुरू झाले. ओल्या रंगावर कापडाचे पोत उमटवले गेले. रंगावर बसलेली धूळही वाया गेली नाही. दोन्ही द्रुत भागांत रंगांचे पट्टे चौकटींच्या सीमा न जुमानता वाहतात; मधल्या संथ भागात काळ्या फितीवर ओरखडलेल्या काही पांढऱ्या रेघा तेवढ्या थरथरतात. एवढ्या थोड्या साधनांत पियानोचा एकाकीपणा दिसू शकतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

आपण स्फूर्तीला कामाच्या आधीची गोष्ट समजतो. ती आली की काम सुरू करायचे, अशी आपली समजूत असते. या लघुपटाच्या घडणीत क्रम उलटा दिसतो. ऐकणे, मोजणे, पुन्हा ऐकणे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातूनच तेथे चित्र निघाले आहे.

भाचीला मी हे सारे सांगितले आणि दोघांनी मिळून तो लघुपट पाहिला. नंतर तिने वही घेतली आणि कॅसेट सेकंदासेकंदाने ऐकून टिपणे काढू लागली. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. शब्दांकडे लक्ष असल्यामुळे इतके दिवस निसटलेली एक गोष्ट तिला ऐकू आली होती. जात्यातले दाणे संपत आले की दगडाची घरघर कोरडी होते. आजी वैरण घालते, तसा आवाज पुन्हा भरीव होतो, आणि बहुधा तेथेच नवी ओवी सुरू होते. गाण्याचे विराम आजीच्या मुठीने ठरवले होते.

तिच्या चित्रफितीत आजीचे छायाचित्र नाही, जातेही नाही. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके फिरत विरळ होत जातात, आणि पडदा रिकामा होतो न होतो तोच मूठभर नवे ठिपके येऊन पडतात. माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, ती पाहताना दुसऱ्याच मुठीला म्हणाली, "आईचा हात."