तसबिरींची भिंत



हसनाबादकडे जुनी माणसं अजून ‘फोटो फ्रेम’ म्हणत नाहीत, तसबीर म्हणतात. निजामाच्या राज्यात उर्दूची ऊठबस होती, तेव्हा हा शब्द आमच्या तोंडी पक्का बसला. तसबीर म्हणजे नुसतं चित्र नाही. काच, चौकट, मागचा पुठ्ठा आणि वरची कडी, सगळं मिळून तसबीर.

आमच्या जुन्या घराच्या बैठकीत अशा तेवीस तसबिरी आहेत. घर आता उतरवायचं ठरलंय, म्हणून मी वहीत त्यांची यादी केली, अगदी दुकानाच्या शिलकी मालाची करतात तशी. पूर्वजांचे फोटो दहा, गुरुमहाराज आणि महासतीजींचे पाच, उरलेल्या आठ वेगवेगळ्या. सूनबाई म्हणते नव्या हॉलमध्ये एकच मोठं चित्र लावू, बाकी भिंत मोकळी. धाकटे दीर म्हणतात एकही तसबीर कमी होता कामा नये, ही आपली परंपरा आहे. त्यांच्या ‘परंपरा’ शब्दावर मी अडले आणि ही भिंत मुळात किती जुनी, ते शोधायला बसले.

चित्रं आपल्याला नवी नाहीत. वेरूळला ३० ते ३४ क्रमांकाची लेणी आपली. त्यातल्या बत्तिसाव्या, म्हणजे इंद्रसभेच्या छतावर अजून रंग दिसतात. जाल तेव्हा मान वर करून बघा, बहुतेक जणी मूर्ती पाहून निघून येतात. पुढे चित्रं ताडपत्रावर आली, चौदाव्या शतकानंतर हळूहळू कागदावर. कल्पसूत्राच्या पोथ्यांमधली लाल-निळी-सोनेरी चित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण ती पोथी लाकडी पाट्यांमध्ये दाबून, कापडात बांधून भांडारात असायची. पर्युषणात बाहेर काढायची, वाचून झाली की पुन्हा बांधायची. मंदिरमार्गी श्वेतांबरांमध्ये शत्रुंजयाचा पट असतो, कापडावर रंगवलेला अख्खा डोंगर. चातुर्मास संपला की कार्तिक पौर्णिमेला तो उघड्यावर लावतात, आणि ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही ते त्याच्यासमोर उभं राहून यात्रा करतात. नंतर पट गुंडाळून ठेवतात.

म्हणजे शेकडो वर्षं आपलं चित्र एक तर देवळात किंवा लेण्यात होतं, नाही तर बांधून ठेवलेलं. ठरल्या दिवशी उघडायचं, ठरल्या दिवशी मिटायचं. घराच्या भिंतीवर बारा महिने टांगलेलं नव्हतं.

टांगायचं तरी कशाला? आमच्याकडची माळवदाची घरं आठवा. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, त्यांत खिळा ठोकला तर मातीच गळायची. पागोटं, कंदील, पिशवी अडकवायला बांधतानाच लाकडी खुंट्या बसवायच्या. बाकी सगळं कोनाड्यात. भिंतीवर जे काढायचं ते बायकांच्या हातचं, गेरूचा स्वस्तिक, लग्नातले हळदी-कुंकवाचे थापे. पुढच्या दिवाळीला भिंत पोतारली की तेही जायचं.

भिंतीवर कायमचं चित्र आलं ते छापखान्यामुळे. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिथून देवादिकांची आणि पेशवाईतल्या माणसांची रंगीत चित्रं निघू लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. माधवराव नावाचे दिवाण होते, त्यांनी दहा वर्षं आधीच रविवर्म्यांना सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना मागणी फार, दोन हात पुरणार नाहीत, ती छापून घ्या. जर्मन कारागीर आणले, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र राजवाड्यातलं, पण त्याची प्रत आता कोणालाही विकत मिळू लागली.

आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून धावायला लागली. मुंबईचा माल जालन्याला उतरणार आणि तिथून बैलगाडीनं आमच्यासारख्या गावी येणार, त्यात ही चित्रंही आली असणार. कापडाच्या गाठींबरोबर तर ती फुकट यायची. विलायती गिरण्या तागा ओळखू यावा म्हणून त्यावर देवादिकांचं, राजाराणीचं रंगीत लेबल चिकटवायच्या. लोक ते जपून सोडवायचे. आमच्या यादीत असं एक लेबल आहे, तळहाताएवढं, त्याला चौकट मात्र सागवानी!

म्हणजे दिरांची परंपरा शे-सव्वाशे वर्षांची. कमी नाही, पण फार जुनीही नाही.

आता आपल्या घरांपुरता अवघड प्रश्न. आम्ही स्थानकवासी. पंधराव्या शतकात लोंकाशहांनी आगमात मूर्तिपूजा नाही म्हणून आवाज उठवला, तिथून आपली वाट वेगळी झाली. स्थानकात मूर्ती नाही, पर्युषणातही आपण कल्पसूत्राची चित्रं मिरवत नाही, अंतगड सूत्र ऐकतो. मग घराच्या भिंतीवर तेवीस तसबिरी कशा? छापखान्यानं सगळ्यांच्याच घरी चित्रं पोचवली, आपल्याला कोणी विचारलं नाही, हे एक उत्तर. सासूबाईंचं उत्तर जास्त नेमकं होतं. त्या म्हणायच्या, “हात जोडायचे ते नवकाराला. बाकीची चित्रं बघायला आणि शिकायला.” नवकाराची तसबीर अक्षरांची आहे, त्यात एकही आकृती नाही, आणि बैठकीत पूर्वेच्या भिंतीवर ती एकटीच होती. शेजारी त्यांनी काही लावू दिलं नाही. शेजारच्या दिगंबर मैत्रिणीनं दिलेली सम्मेद शिखरजीची तसबीर त्यांनी आनंदानं घेतली, वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी सगळ्यांचीच, पण ती लावली समोरच्या भिंतीवर. तिथे नमस्कार नाही, फुलं नाहीत, उदबत्ती नाही. पटत नसेल तर वाद घाला, पण भिंतींची ही वाटणी मला फार समंजस वाटते.

शिकायची चित्रं म्हणजे दोन, षट्‌लेश्या आणि मधुबिंदू. लेश्यांचं तुम्ही पाहिलं असेल. जांभळाचं झाड आणि भुकेलेली सहा माणसं. पहिला झाडच मुळापासून तोडायला निघालाय, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली जांभळं खुडतोय आणि सहावा खाली पडलेली वेचून खातोय. काळ्यापासून शुक्लापर्यंत सहा रंग. आमच्या घरातल्या पोरांच्या तीन पिढ्या त्या चित्राखाली जेवल्या. ताटात टाकलं की सासूबाई नुसत्या चित्राकडे बोट दाखवून विचारायच्या, “कितवा रे तू?” मधुबिंदूमध्ये विहिरीत लोंबकळणारा माणूस, वर फांदी कुरतडणारे काळा-पांढरा उंदीर, खाली अजगर, बाहेर हत्ती, आणि तो जीभ काढून मधाच्या थेंबाची वाट बघतोय. मुलं त्याला घाबरायची. विमानातून हात देणारा विद्याधर मात्र कोपऱ्यात इतका बारीक काढलाय की तो दाखवावाच लागतो.

यादीतली लक्ष्मी रविवर्म्याची, दिवाळीच्या वहीपूजनासाठी आणलेली. तिच्या साडीवर खरी जर आणि चमकी टाचलेली आहे. तेव्हा घरोघरी बायका छापील चित्रं अशी सजवायच्या. चित्र विकत घेणारे पुरुष, ते नटवणाऱ्या बायका. ही जर आजेसासूबाईंनी टाचली, असं घरात सांगतात.

त्यांचा फोटो मात्र नाही. पूर्वजांच्या दहा फोटोंत नऊ पागोटी-टोप्यावाले आणि बाई एकच, माझ्या सासूबाई. फोटो स्टुडिओत जायचे ते पुरुष. आजेसासूबाईंचं या भिंतीवर जे काही आहे ते त्या लक्ष्मीच्या पदरावर, आणि दिवाळीपुरतीची लक्ष्मी बारा महिने लावून काय करायची म्हणून ती तसबीर पहिली वगळू, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी नाही म्हटलं.

पूर्वजांच्या फोटोंवरचे हार तर मला पहिल्यापासून खटकतात. जीव पुढच्या गतीला गेला, आपण इथे हार घालून कोणाला अडकवतो? फुलांचा नको म्हणून चंदनाचा, इतकाच आपला विवेक. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिन असतं आणि चौकटी जुन्या काळी सरसानं जोडायच्या, हे दोन्ही जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं, हे तर कोणी बोलतच नाही. केलेलं फेकायचं नाही, पण नव्या चौकटी करताना सरस नको म्हणून सांगता येतं.

जुन्या तसबिरी पुढे झुकलेल्या का असायच्या? वरून दोरीनं टांगलेल्या, खाली दोन खिळ्यांवर टेकलेल्या. कारण बघणारी माणसं गादीवर, जमिनीवर बसलेली. झुकवलं की चित्र त्यांच्याकडे बघतं, काचेवर दाराचा उजेड चमकत नाही आणि धूळ कमी बसते. त्या मागच्या पोकळीत चिमण्या घरटं करायच्या. पिल्लं उडेपर्यंत ती तसबीर हलवायची नाही, मग दिवाळीची सफाई असो नाही तर पाहुणे. आता सपाट भिंतीला चिकटलेल्या चौकटी आल्या आणि चिमण्यांची ती जागा गेली.

एक तसबीर १९७४-७५ ची आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली तेव्हा चारही संप्रदायांनी मिळून जैन प्रतीक ठरवलं, लोकाकाराच्या आत स्वस्तिक आणि अभयाचा हात, हातात चक्र. मूर्ती मानणारे, न मानणारे, सगळ्यांच्या भिंतीला चालेल असं आपल्याकडचं हे पहिलंच चित्र असावं.

तर आमचं ठरलं ते असं. नव्या हॉलमध्ये पूर्वेला नवकार, एकटाच. जेवणाच्या टेबलाजवळ लेश्या, आणि ती बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतकी खाली. सूनबाईला पाच फूट उंची हवी होती, पण जेवताना कोणी उभं नसतं. पूर्वजांचे फोटो दिरांकडे, एका ओळीत, हारांशिवाय. सासूबाईंच्या फोटोशेजारी जरीची लक्ष्मी, खाली आजेसासूबाईंचं नाव लिहून. गुरुमहाराज आणि महासतीजींच्या तसबिरी स्वाध्यायाच्या खोलीत. उरलेल्या सुती कापडात बांधून, आत कडुलिंबाचा पाला ठेवून कपाटात, कसरीचा भरवसा नाही. शिखरजी कार्तिक पौर्णिमेला निघेल, प्रतीक महावीर जयंतीला, आणि आठवडाभरानं पुन्हा बांधलं जाईल. पटाची रीत तीच होती. दिरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “मधुबिंदू कधी काढायची?” मी म्हटलं, मुलं सुट्टीला आली की.

तिची काच तडकलीय. जालन्याला बसवायला दिली आहे, पुठ्ठा खळीनं नको म्हणून बजावलंय.