निसटणारा अल्डिहाइड कसा पकडला?

बारावीला तुम्ही अल्डिहाइडच्या ‘चाचण्या’ पाठ केल्या असतील: टॉलेन्सचा चांदीचा आरसा, 2,4-डीएनपीचा पिवळा-नारिंगी साका, वगैरे. परीक्षेत या सगळ्या ओळखीच्या खुणा. पण इतिहासात डोकावलात तर यांच्या जातकुळीतल्या काही अभिक्रिया पदार्थ पकडण्याचे सापळे म्हणून वापरल्या गेलेल्या दिसतात.

अ‍ॅसिटाल्डिहाइडचंच घ्या. शीलने 1774 मध्ये अल्कोहोल, मँगनीज डायऑक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र आणलं, तेव्हाच तो तयार झाला होता. पुढे डोबेरायनरनेही मिळवला. अडचण अशी की तो 20 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो, आणि वर अल्कोहोल, पाणी यांच्यात मिसळलेला. वेगळा करायला जावं तर उडून जातो. अशा मिश्रणाचं विश्लेषण केलं तर आकडे येतात, पण ते कोणाचे?

गीसेनला लीबिगने तो ईथरमध्ये घेऊन त्यात कोरडा अमोनिया वायू सोडला. पांढरे स्फटिक खाली बसले. ते गाळायचे, धुवायचे, सौम्य आम्लाबरोबर ऊर्ध्वपातन करायचं, की शुद्ध अल्डिहाइड परत हजर! मग 1835 मध्ये सूत्र आलं आणि नावही: ‘अल्कोहोल डिहायड्रोजेनेटस’, म्हणजे हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल, त्याचं हे लघुरूप. चांदीचा आरसासुद्धा लीबिगनेच पाहिला होता. टॉलेन्सचं नाव त्याला बऱ्याच उशिरा चिकटलं.

एमिल फिशरची गत वेगळी. शर्करा उडून जात नाहीत, पण चिकट पाक होऊन बसतात, स्फटिक धरत नाहीत. 1884 मध्ये त्याने फेनिलहायड्रॅझिन वापरलं आणि ओसॅझोनचे सुरेख पिवळे स्फटिक मिळाले. गंमत म्हणजे ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज तिघांचा ओसॅझोन एकच! सापळ्याने फरकच पुसून टाकला. दुसरा कोणी वैतागला असता. फिशरने उलटा विचार केला: फरक पुसला गेला तो पहिल्या दोन कार्बनांवरचा, म्हणजे उरलेल्या कार्बनांची रचना तिघांत सारखीच असणार. 1891 मध्ये ग्लुकोजची अवकाशीय रचना ठरवताना हा पुरावा त्याच्या कामी आला. (तुमच्या पद्धतीची मर्यादा प्रबंधात लिहिताना हे उदाहरण जरूर आठवा.)

1902 चं नोबेल फिशरला मिळालं. फेनिलहायड्रॅझिन मात्र विषारी. वर्षानुवर्षं ते हाताळून त्याची तब्येत कायमची बिघडली.