लष्करी अळी आणि फ्लूची लस

मक्याच्या पोंग्यात शिरून पाने कुरतडणारी अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला २०१८ पासून चांगलीच ठाऊक आहे. डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी खूण आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख. याच जातीच्या, कोषावस्थेतल्या पतंगाच्या अंडाशयातून वेगळ्या काढलेल्या पेशींच्या वंशात आज फ्लूच्या एका लशीचे प्रथिन तयार होते. पिकाची ही वैरीण लशीच्या कारखान्यापर्यंत कशी पोहोचली, ही कुळकथा एक गोष्ट ठामपणे शिकवते : ज्या पेशीत आपण विषाणू किंवा त्याचे प्रथिन वाढवतो, ती पेशी म्हणजे नुसते भांडे नव्हे. आत शिजणाऱ्या पदार्थाला तिची चव लागतेच.

माणसाचा फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी फेरेट या प्राण्यात वाढवला आणि थोड्याच वर्षांत तो कोंबडीच्या अंड्यात आला. दहा-अकरा दिवस उबवलेल्या अंड्यात विषाणू टोचायचा, दोन-तीन दिवसांनी गर्भाभोवतीचा द्रव काढून घ्यायचा, अशी ही रीत. १९४१ मध्ये जॉर्ज हिर्स्ट यांना दिसले की, अशा द्रवात कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात. ही किमया विषाणूच्या अंगावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाची. लशीने शरीराला ओळख करून द्यायची तीही मुख्यतः याचीच. अमेरिकेत १९४५ मध्ये अंड्यातली लस सर्वसामान्यांसाठी मंजूर झाली. पण माणसात रुळलेल्या विषाणूला पक्ष्याच्या पेशीत तगायचे तर या प्रथिनाच्या टोकात बदल करून घ्यावे लागतात. एच३एन२ या प्रकारात हे बदल विशेष नडतात, कारण प्रतिपिंडे चिकटतात तीही जागा नेमकी टोकाचीच.

मग विषाणूऐवजी फक्त त्याचे प्रथिनच का घडवू नये? जिवाणूंत हे जमवणे अवघड होते, कारण त्यांना या प्रथिनाची नीट घडी घालता येत नाही आणि त्यावर साखरेच्या साखळ्याही जोडता येत नाहीत. १९८१ मध्ये मेरी-जेन गेथिंग आणि जोसेफ सॅमब्रुक यांनी माकडाच्या पेशींत हे प्रथिन घडवले आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचले. दोनच वर्षांनी टेक्सासमध्ये मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी अळ्यांच्या विषाणूला कामाला लावले. घाटेअळीवर आपण फवारतो त्या एचएनपीव्ही विषाणूचा हा भाऊबंद. असा विषाणू पानावर टिकून राहण्यासाठी स्वतःभोवती एका प्रथिनाचे कवच रचतो आणि ते ढिगाने बनवतो. प्रयोगशाळेतल्या पेशींत कवचाची गरज नसते. म्हणून त्याचा जनुक काढून तिथे हवा तो जनुक बसवला की पेशी तेच प्रथिन ढिगाने बनवू लागते. १९८६ मध्ये जर्मन संशोधकांनी या वाटेने हिमॅग्लुटिनिन घडवले. २०१३ मध्ये अमेरिकेत अशी लस मंजूर झाली.

यावर आक्षेप येईल की, मग अळीच्या पेशीचाही ठसा उमटणारच. उमटतो. तिने जोडलेल्या साखरेच्या साखळ्या माणसाच्या पेशीतल्यांपेक्षा आखूड आणि साध्या असतात. पण फरक मुळातला आहे. अंड्यात विषाणूला जगायचे असते, म्हणून त्याचा जनुकच बदलतो. इथे अळीच्या विषाणूचे जगणे हिमॅग्लुटिनिनवर अवलंबून नाही, त्यामुळे ते बदलण्याची सक्ती त्याच्यावर नसते. २०१४-१५ च्या हंगामात पन्नाशीपुढच्या सुमारे ९,००० लोकांवर झालेल्या चाचणीत या लशीच्या गटात फ्लूचे प्रमाण अंड्यातल्या लशीपेक्षा ३० टक्के कमी भरले. अर्थात या लशीत प्रत्येक प्रकाराचे प्रथिन ४५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तिप्पट होते. सगळे श्रेय पेशीला देणे न्यायाचे होणार नाही. दुसरा आक्षेप अंड्यातली लस स्वस्त पडते हा, आणि तो खरा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०१० मधली नाकावाटे द्यायची स्वाइन फ्लूची लसही अंड्यातच वाढलेली होती. पण बर्ड फ्लूची साथ आली तर अंडी देणाऱ्या कोंबड्याच आधी मरतील. एकाच कोठारावर सगळी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

म्हणून अंडे की अळी, असा वाद घालण्यापेक्षा कोणती पेशी प्रथिनात काय बदल करते, हे जाणून निवड करावी. लशीच्या माहितीपत्रकात ती कशात वाढवली हे छापलेले असते. पुढच्या वेळी ती ओळ जरूर वाचा.