पार्वतीबाईंचे कुंकू : पेशवाईवर कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

१/ पेशवाईतील लढाया, तह आणि तारखा ग्रंथांत सापडतात. कादंबरीकार अडतो तो वाड्याच्या आत : माणूस गेल्यावर त्या घरात नेमके काय बदलत असे? पानिपतानंतरचे एक उदाहरण पाहू. #धागा

२/ १४ जानेवारी १७६१. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. काशीराज पंडिताच्या फार्सी वृत्तांतानुसार भाऊंचा म्हणून ओळखलेल्या देहास तेथेच अग्नी देण्यात आला. पुण्यात मात्र शंका उरली. मोहिमेत सोबत असलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई जिवंत परतल्या. पती गेल्याचे त्यांनी मानले नाही.

३/ या नकाराचे वजन समजण्यासाठी रूढी पाहावी. ब्राह्मण घरात मृत्यू मान्य झाला की दहा दिवसांचे सूतक, दहाव्याचे पिंडदान, पुढे तेरावा. पत्नीचे कुंकू व मंगळसूत्र जाई, केशवपन होई, अंगावर तांबडे आलवण येई. हळदीकुंकवाचे आमंत्रण कायमचे थांबे. पडद्यावरील पेशवाईत विधवेला दिसणारी पांढरी साडी म्हणूनच खटकते.

४/ बेपत्ता माणसासाठी धर्मशास्त्रात वेगळी तरतूद होती. बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानादेठांची मानवाकृती करून तिचे दहन करावे. म्हणजे मृत्यू आणि अंत्यविधी यांत एक तप लोटू शके. तोवर पत्नी सवाष्णच.

५/ या अनिश्चिततेला राजकीय बाजूही होती. भाऊ म्हणवणारा एक तोतया १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणातील किल्ले घेऊ लागला. ज्याचे अंत्यविधीच झाले नाहीत, तो परतला असे सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसणे अवघड नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस तोतयाला देहान्त शासन झाले.

६/ तरीही पार्वतीबाईंचे कुंकू तसेच राहिले. १७८३ साली त्या निवर्तल्या, तेव्हा पतिपत्नी दोघांचीही उत्तरक्रिया एकत्र करण्यात आली. पानिपताला बावीस वर्षे झाली होती.

७/ म्हणून १७६५ च्या पुण्यातील प्रसंग लिहिताना पार्वतीबाईंना आलवण नेसवू नये. एखाद्या पात्राचा मृत्यू लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : देह मिळाला का, घराने मृत्यू मान्य केला का, आणि क्रिया कधी झाली. त्या बाईचा पोशाख, सणावारातले तिचे स्थान आणि तिच्याशी बोलण्याची इतरांची रीत या तीन उत्तरांवर ठरते.