स्वतःच्या सर्व्हरवर ‘ईआरपीनेक्स्ट’ : कंटेनर बदलतात, नोंदी जपाव्या लागतात

बंगळुरू : प्रकल्प, कामे आणि टाइमशीट यांची नोंद ठेवणारी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत वेबप्रणाली मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने घडवली; बंगळुरूच्या ‘झेरोधा’ या शेअर दलाल कंपनीनेही ती स्वीकारली. जीपीएल परवान्यामुळे कोणालाही ती स्वतःच्या सर्व्हरवर परवानाशुल्काविना चालवता येते.

डॉकरमध्ये ही प्रणाली एकसंध नसते. वेब सर्व्हर, मुख्य प्रणाली, वेबसॉकेट, शेड्युलर, कामांच्या रांगा, मारियाडीबी व रेडिस यांचे कंटेनर वेगवेगळे. नवी आवृत्ती आली की ते काढून नवे उभारणे अपेक्षितच असते. नोंदी मात्र डेटाबेसच्या आणि ‘साइट्स’च्या व्हॉल्यूममध्ये राहतात, ‘डाउन’ आज्ञेला ‘-व्ही’ जोडल्यास त्याही पुसल्या जातात.

खरी मेख बॅकअपमध्ये आहे. प्रणाली बॅकअपची प्रत मुळात त्याच ‘साइट्स’ व्हॉल्यूममध्ये ठेवते. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच. ती अन्य यंत्रावर हलवावी आणि साइटच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील एन्क्रिप्शन-कीही सोबत जपावी. तिच्याविना ईमेल खात्यांचे साठवलेले पासवर्ड पुन्हा उलगडत नाहीत. चाचणीसाठीच्या तयार मांडणीत ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड असतो. सर्व्हर इंटरनेटला जोडण्यापूर्वी तो बदलणे अनिवार्य.